व्यायलेल्या गाईचं यकृत कसं जपायचं: प्रोपिओनेट, कार्निटिन आणि किटोसिस

गाय व्याली, वार पडली, वासरू उठून प्यायलं. आठवडाभर सगळं ठीक चालतं. मग एका सकाळी ती गोळीपेंड नुसती हुंगते आणि तोंड फिरवते, कडबा मात्र चघळत राहते. दूध दोन-चार लिटरने उतरतं. शेण घट्ट पडतं आणि त्यावर चिकट, चकचकीत थर दिसतो. पाठीची हाडं चार दिवसांत वर येतात. अंगात ताप नसतो. जास्त दुधाच्या संकरित गाईत ही लक्षणं बहुतेक वेळा किटोसिसची, म्हणजे कितनबाधेची असतात: चरबी अर्धवट जळून बनणारी कितनं (कीटोन) रक्तात वाढतात. त्यामागे यकृतात साठत चाललेली चरबी असते.

या आजाराभोवती आता औषधांची मोठी बाजारपेठ उभी आहे. प्रोपिओनेट, प्रॉपिलीन ग्लायकॉल, कार्निटिन, कोलीन अशी नावं लिव्हर टॉनिकच्या बाटल्यांवर सर्रास दिसतात. त्यातलं काय कधी द्यायचं हे कळायला यकृतात नेमकं काय घडतं ते एकदा नीट समजून घ्यावं लागतं. ते समजलं की निम्मा खर्च वाचतो आणि गायही वाचते.

यकृतापुढचे दोन प्रश्न

पहिला प्रश्न साखरेचा. आपण भाकरी खाल्ली की तिची साखर आतड्यातून थेट रक्तात येते. गाईचं तसं नाही. तिने खाल्लेला चारा आणि धान्य कोटीपोटातले, म्हणजे पहिल्या आणि सगळ्यात मोठ्या पोटातले जिवाणू आधी आंबवतात आणि त्यातून तीन आम्लं तयार होतात: अॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. नुसत्या वैरणीवर असलेल्या जनावरात अॅसिटेटचा वाटा ६५ ते ७० टक्के असतो, प्रोपिओनेटचा १५ ते २० टक्के. धान्य वाढलं की प्रोपिओनेटचा वाटा वाढतो. या तिघांपैकी ज्यापासून यकृत ठोक प्रमाणात ग्लुकोज बनवू शकतं ते एकटं प्रोपिओनेट. चांगलं खाणाऱ्या गाईच्या यकृतात बनणारं निम्म्याहून अधिक ग्लुकोज त्यापासूनच येतं.

मागणी किती असते? एक लिटर दुधातली दुग्धशर्करा बनवायला साधारण ७२ ग्रॅम ग्लुकोज लागतं. २० लिटर देणाऱ्या गाईची कास रोज १,४४० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दीड किलो ग्लुकोज ओढून घेते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सलाईनच्या वेळी तो कामाला येईल.

प्रोपिओनेटपासून ग्लुकोज बनण्याच्या वाटेवर बायोटिन आणि बी १२ ही दोन जीवनसत्त्वं लागतात. बी १२ कोटीपोटातले जिवाणूच तयार करतात, पण त्यांना त्यासाठी कोबाल्ट हवं. खनिज मिश्रणाची पिशवी बंद करून पैसे वाचवणारा गोठा इथे नकळत तोट्यात जातो: प्रोपिओनेट यकृतापर्यंत पोचतं, पण पुढे त्याचं पूर्ण ग्लुकोज होत नाही.

दुसरा प्रश्न चरबीचा. व्याण्याआधीच्या तीन आठवड्यांत गाईची भूक जवळपास तिसऱ्या हिश्शाने घटते आणि व्याल्याबरोबर दुधाची मागणी एकदम चढते. ही तूट भरून काढायला ती अंगावरची चरबी वितळवते. ती चरबी मेदाम्लांच्या रूपात रक्तात येते आणि रक्तात जितकी जास्त, तितकी यकृत ती जास्त उचलतं. यकृतात तिला तीनच वाटा असतात. पूर्ण जळून ऊर्जा व्हायचं, अर्धवट जळून कितनं व्हायचं, किंवा न जळता यकृतातच चरबी म्हणून साचून राहायचं. साचलेली चरबी पुन्हा रक्तात बाहेर पाठवण्याचं काम रवंथ करणाऱ्या जनावरांच्या यकृताला फार संथ गतीने जमतं. म्हणूनच कोंबडीच्या तुलनेत गाईचं यकृत इतक्या चटकन चरबीने भरतं. यकृताच्या ओल्या वजनाच्या १ टक्क्याच्या आत चरबी असेल तर ते निरोगी. ५ टक्क्यांच्या वर गेली की त्रास दिसू लागतो, १० टक्क्यांच्या वर गेली की गाय गंभीर.

इथे कार्निटिन येतं. मेदाम्लं जळतात ती पेशीतल्या मायटोकाँड्रियात. पण लांब साखळीच्या मेदाम्लांना त्याचं आतलं आवरण स्वतःहून ओलांडता येत नाही. कार्निटिन हा तिथला नावाडी: मेदाम्लाला नावेत घेतो, पलीकडे उतरवतो, रिकामी नाव घेऊन परत येतो. जनावराचं शरीर लायसिन आणि मेथिओनिन या अमिनो आम्लांपासून कार्निटिन स्वतः बनवतं. वनस्पतींत ते फारच थोडं असतं, त्यामुळे गाईला चाऱ्यातून जवळपास काही मिळत नाही.

दोघांची गाठ कुठे पडते

कार्निटिन दिलं की यकृतात जास्त चरबी जळायला जाते, साचते कमी. आयोवा राज्य विद्यापीठात ड्रॅकली, बाइट्झ आणि यंग यांनी १९९१ साली दुभत्या गाईंच्या यकृताच्या पातळ कापांवर हेच तपासलं: कार्निटिनने मेदाम्लांचं ज्वलन वाढलं, प्रोपिओनेटने ते आवरलं. म्हणजे दोघांची ओढ उलट दिशांना दिसते. गोठ्यात मात्र दोघांची गरज एकाच वेळी पडते.

कारण असं. कार्निटिनने आत नेलेली चरबी पूर्ण जळायची तर तिथे ऑक्झॅलोअॅसिटेट नावाचा रेणू पुरेसा हवा. ग्लुकोज बनवायलाही यकृत तोच रेणू वापरतं आणि प्रोपिओनेटमधून तो भरून निघतो. प्रोपिओनेट कमी पडलं तर आत गेलेली चरबी अर्धवट जळते आणि कितनं वाढतात. म्हणून कार्निटिनने यकृतातली चरबी उतरते, पण कितनंही उतरतील अशी खात्री नसते. उलट, उपाशी गाईला नुसतं कार्निटिन दिलं तर कितनं वाढूही शकतात. शिवाय प्रोपिओनेटमधून ग्लुकोज वाढलं की इन्शुलिन वाढतं आणि अंगावरची चरबी वितळण्याचा वेगच मंदावतो. यकृतावरचा भार मुळातून कमी होतो. कार्निटिन मुळाला हात घालत नाही, आलेला भार पुढे सरकवतं. म्हणून माझं ठाम मत आहे की आधी गव्हाण, मग प्रोपिओनेट देणारी औषधं आणि कार्निटिनचा विचार त्यानंतर.

पहिली पायरी: गाय आटवण्याआधी तिच्या अंगाकडे बघा

किटोसिसची सुरुवात व्याण्याआधी दोन-तीन महिने झालेली असते. अंग मोजायच्या १ ते ५ च्या मोजपट्टीवर (१ म्हणजे हाडकुळी, ५ म्हणजे फार जाड) गाय आटवताना आणि व्याताना ३ ते ३.५ अंगाची असावी. फासळ्या लांबून मोजता येऊ नयेत, पण तळहात फिरवला की लागल्या पाहिजेत. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना चरबीच्या गाठोड्या दिसत असतील तर गाय जाड आहे. जाड गाय व्याल्यावर कमी खाते आणि चरबी जास्त वितळवते. मुरघासाचे खड्डे झाल्यापासून हे प्रमाण वाढलेलं दिसतं: दाणेदार मक्याचा मुरघास दुभत्या आणि भाकड गाईंना सारखाच पाटीभर टाकला जातो.

जाड गाईला भाकड काळात उपाशी ठेवून बारीक करू नका. तेव्हा केलेली उपासमार म्हणजे चरबी वितळण्याची सुरुवातच आणि तीही पोटात वासरू असताना. अंग कमी करायचं तर ते दुधाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत, खुराक उतरवून. भाकड काळाच्या पहिल्या टप्प्यात कडबा कुट्टी जास्त, मुरघास बेताचा, खनिज मिश्रण रोज.

दुसरी पायरी: व्याण्याआधीचे २१ दिवस

कोटीपोटाच्या आतल्या भिंतीवर बारीक केसाळ उंचवटे असतात. आम्लं रक्तात शोषली जातात ती त्यांच्यातून. धान्य बंद असलं की ते आखडतात आणि पुन्हा वाढायला काही आठवडे लागतात. व्याल्यावर एकदम चार-पाच किलो खुराक टाकला तर प्रोपिओनेट तयार होतं खरं, पण ते वेळेत शोषलं जात नाही आणि कोटीपोट आंबतं. म्हणून व्याण्याच्या तीन आठवडे आधी खुराक सुरू करा, एक किलोपासून, हळूहळू दोन ते अडीच किलोपर्यंत. त्यात मक्याचा भरडा असावा, पेंड असावी, आणि व्याल्यावर जी पेंड घालणार आहात तीच आधीपासून घालावी.

या दिवसांत गाईला वेगळी बांधा. गव्हाणीत सतत ताजी वैरण आणि समोर पाणी. दांडग्या गाईंच्या शेजारी दबून राहणारी पहिलटकर हमखास कमी खाते. खाणं टिकवणं हेच या २१ दिवसांतलं खरं काम आहे.

तिसरी पायरी: व्याल्यावर खुराक कसा चढवायचा

रोज पाव ते अर्धा किलो याहून वेगाने खुराक वाढवू नका आणि तो दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्या. याला फक्त आंबटपणाचं कारण नाही. मिशिगन राज्य विद्यापीठातले मायकेल अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं आहे की व्यायलेल्या गाईच्या यकृतात एकाच वेळी भरपूर प्रोपिओनेट येऊन थडकलं की तिथलं ज्वलन वाढतं आणि यकृत मेंदूला पोट भरल्याचा निरोप देतं. गाय खाणं थांबवते. म्हणजे ज्या प्रोपिओनेटसाठी आपण धान्य वाढवलं तेच भूक मारतं. पटकन आंबणारा गहू, शिळ्या चपात्या, लग्नातला उरलेला भात हे या काळात पूर्ण वर्ज्य. मका सावकाश आंबतो, म्हणून तो चालतो.

खराब झालेला मुरघास व्यायलेल्या गाईला देऊ नका. ज्याला कुजकट, लोण्याच्या खवट वासासारखा वास येतो त्यात ब्युटिरेट भरपूर असतं आणि ब्युटिरेटचं शोषण होतानाच कितन बनतं. तो भाकड कालवडींनाही बेतानेच.

बायपास फॅटबद्दल, म्हणजे कोटीपोटात न फुटता पुढे जाणाऱ्या चरबीच्या खाद्याबद्दल, वाद आहेत. माझ्या मते पहिले तीन आठवडे ते थांबवावं: गाय आधीच स्वतःची चरबी यकृतात ओतते आहे, तिला त्या काळात ग्लुकोज हवं असतं आणि चरबीतून ते मिळत नाही.

चौथी पायरी: लक्षणं दिसायच्या आत ओळखा

व्याल्यापासून तिसऱ्या ते सोळाव्या दिवसापर्यंतचा काळ सगळ्यात जोखमीचा. उघड किटोसिसच्या एका गाईमागे गोठ्यात अनेक गाई छुप्या किटोसिसच्या असतात. त्या चरतात, दूधही देतात, पण पुढे गाभण राहत नाहीत, कासदाहाला लवकर बळी पडतात, चौथ्या पोटाची जागा सरकते.

सगळ्यात स्वस्त खूण दूध संकलन केंद्राच्या पावतीवर असते. नुकत्याच व्यायलेल्या एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) संकरित गाईचं फॅट एकाएकी पाचच्या वर गेलं आणि एसएनएफ (दुधातले चरबी सोडून बाकीचे घन पदार्थ) साडेआठच्या खाली घसरलं तर भाव वाढला म्हणून खूश होऊ नका. ती अंगावरची चरबी दुधात उतरवते आहे. एकत्र कॅनमधल्या दुधावरून मात्र हे कळणार नाही. त्या गाईचं दूध वेगळं तपासून घ्या.

दुसरी तपासणी लघवीची. योनीच्या खालची कातडी हळुवार चोळली की बऱ्याच गाई लघवी करतात. कितनं ओळखणाऱ्या रोथेरा पावडरवर दोन थेंब टाका. जांभळा रंग आला तर कितनं आहेत. लघवीत कितनं रक्तापेक्षा दाट साठतात, म्हणून अगदी फिकट रंगावर औषध सुरू करू नका. गडद जांभळा लगेच उमटला तर वाट बघू नका.

सगळ्यात भरवशाची तपासणी रक्ताची. माणसांसाठी मिळणारं कितन मोजणारं मीटर गाईलाही चालतं, कारण मोजायचा पदार्थ तोच असतो. पट्टी मात्र कितनांचीच हवी, साखरेची नव्हे. थेंब शेपटीखालच्या शिरेतून घ्या. पोटाखालच्या दुधाच्या शिरेतून घेऊ नका. कास कितनं शोषून घेते आणि आकडा खोटा कमी येतो. १.२ मिलीमोल प्रति लिटर किंवा अधिक म्हणजे छुपा किटोसिस. ३ च्या वर बहुधा उघड लक्षणं दिसतातच. तपासणी दर वेळी साधारण एकाच वेळेला करा, कारण खाल्ल्यानंतर चार-पाच तासांनी आकडा चढतो.

पाचवी पायरी: उपचार

पहिला आधार प्रॉपिलीन ग्लायकॉल. दिवसातून एकदा ३०० मिली, तोंडाने, तीन ते पाच दिवस. त्यातलं काही कोटीपोटात प्रोपिओनेट बनतं, बाकीचं थेट शोषलं जाऊन यकृतात ग्लुकोजकडे जातं. खाद्यात मिसळून ठेवण्यापेक्षा एकदम पाजलेलं जास्त काम करतं, कारण एकाच वेळी चढलेलं ग्लुकोज इन्शुलिनला जागं करतं. ‘जास्त दिलं तर लवकर बरी होईल’ असं मानून अर्ध्या लिटरच्या वर जाऊ नका. गाय झिंगते, झोकांड्या खाते, कोटीपोटातले जिवाणूही बिघडतात.

एक गोष्ट जीव तोडून सांगतो. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विष आहे, मूत्रपिंडं निकामी करतं. नाव सारखं वाटतं म्हणून स्वस्तात मिळालेला डबा गोठ्यात आणू नका. आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल गोठ्यातल्या मांजराच्या तोंडीही लागू देऊ नका, त्यांच्या रक्तपेशींना ते बाधतं.

पाजताना गाईचं तोंड खांद्याच्या पातळीपेक्षा फार वर उचलू नका, जीभ ओढून धरू नका. आडव्या पडलेल्या किंवा गिळता न येणाऱ्या गाईला काहीही पाजू नका. औषध फुप्फुसात जातं आणि किटोसिसऐवजी न्यूमोनियाने गाय जाते.

कॅल्शियम प्रोपिओनेट ही पावडर व्याल्या दिवशी विशेष उपयोगी पडते. तिच्यात सुमारे २१ टक्के कॅल्शियम असतं, म्हणजे दुग्धज्वराचा धोका आणि ग्लुकोजची तूट या दोन्हींना एकाच वेळी हातभार लागतो. मात्रा पशुवैद्याकडून ठरवून घ्या.

आता सलाईन. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. वरचा १,४४० ग्रॅमचा आकडा आठवा. अशा दोन बाटल्या चढवल्याने गाईच्या ग्लुकोजच्या तुटीत काहीच फरक पडत नाही. ५० टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये २५० ग्रॅम असतं. ते पशुवैद्याने शिरेतून दिलं तर गाय तासाभरात टवटवीत दिसते, पण काही तासांनी साखर पुन्हा खाली येते. म्हणून गंभीर गाईत किंवा भिंत चाटणारी, गोल फिरणारी, हंबरत राहणारी मज्जातंतूंची लक्षणं असलेल्या गाईत ते हवंच, पण सोबत प्रॉपिलीन ग्लायकॉल चालू ठेवूनच.

आणि गूळ. व्यायलेल्या गाईला गुळाचं पाणी पाजण्याची रीत घरोघरी आहे. थोडा गूळ चवीला, पाणी पिण्याची ओढ लागायला चांगलाच. पण किटोसिसवर औषध म्हणून किलोभर गूळ पाजणं चुकीचं आहे. गुळाची साखर आतड्यापर्यंत पोचतच नाही, कोटीपोटात आंबते आणि तिच्यातून ब्युटिरेट बरंच तयार होतं, जे कितनाचाच कच्चा माल आहे. तोंडाने दिलेल्या ग्लुकोज पावडरचंही तेच होतं.

दोन-तीन दिवसांत भूक परतली नाही तर किटोसिस हा दुसऱ्या आजाराचा परिणाम असू शकतो. गर्भाशयात सडलेली वार, कासदाह, पोटात टोचलेली तार, सरकलेलं चौथं पोट. या गाईला कितीही ग्लायकॉल पाजलं तरी मूळ दुखणं राहतं. पशुवैद्याला बोलवा.

सहावी पायरी: कार्निटिन कधी आणि किती

इलिनॉय विद्यापीठात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्याण्याच्या आगेमागे गाईंना रोज ६, ५० आणि १०० ग्रॅम कार्निटिन दिलं. तिन्ही मात्रांत यकृतातली चरबी उतरली. पण १०० ग्रॅमच्या गाईंनी कमी खाल्लं आणि त्यांचं दूधही कमी भरलं. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. लहान मात्राही काम करते. आणि जास्त चरबी जाळली की यकृत पुन्हा तोच पोट भरल्याचा निरोप देतं.

तर जाड झालेली गाय, मागच्या वेतात किटोसिस झालेली गाय, किंवा जुळी वासरं असलेली गाय असेल तर व्याण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून कार्निटिनचा विचार पशुवैद्याशी बोलून करा. सगळ्या गोठ्याला सरसकट देण्याइतका त्याचा फायदा मला वाटत नाही. बाटली घेताना तीन गोष्टी वाचा. ‘एल-कार्निटिन’ लिहिलंय का. शरीर तेच वापरतं, डी रूप आडवं येतं. प्रमाण मिलिग्रॅममध्ये आहे की ग्रॅममध्ये. ५० मिलीच्या मात्रेत ५०० मिलिग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम, प्रयोगातल्या सर्वात लहान मात्रेचा बारावा भाग. आणि ते कोटीपोटात टिकण्यासाठी आवरण दिलेलं आहे का. उघडं कार्निटिन तिथले जिवाणू बऱ्याच अंशी फोडून टाकतात.

कोलीनचं काम वेगळं आहे. ते यकृतात साचलेली चरबी बाहेर पाठवायला मदत करतं आणि तेही आवरण दिलेलंच हवं. दोन्हीपैकी एकालाच पैसे असतील तर जाड गाईत मी आवरणाचं कोलीन आधी घेईन.

शेळ्या-मेंढ्यांत वेळ उलटी

उस्मानाबादी शेळीला जुळी, कधी तिळी होतात, आणि तिथे हाच आजार व्याण्याच्या आधी, शेवटच्या चार-सहा आठवड्यांत गाठतो. वाढणारी पिल्लं ग्लुकोज ओढतात आणि तीच पिल्लं पोटात जागा अडवून कोटीपोटाला चारा कमी घेऊ देतात. शेळी कळपामागे पडते, एका कोपऱ्यात मान टाकून उभी राहते, डोळ्यांनी दिसेनासं झाल्यासारखी भिंतीला धडकते. तिला प्रॉपिलीन ग्लायकॉल ६० मिली दिवसातून दोनदा, तीन दिवस. शेवटच्या महिन्यात चाऱ्यासोबत थोडं धान्य रोज चालू ठेवलं तर बहुतेक वेळा ही पाळी येत नाही. शेळी खाली बसून उठेनाशी झाली की पिल्लं वेळेआधी बाहेर काढायची की नाही हे त्याच दिवशी पशुवैद्याशी ठरवावं लागतं, कारण त्या अवस्थेत औषध पाजून फारसा उपयोग होत नाही.